सांगलीच्या घाटावर विरघळलेला ऑक्सिजन मोजणारी पेटी

कृष्णाकाठच्या ग्रामपंचायती, कॉलेजं आणि मत्स्यपालन करणाऱ्यांनी ही पेटी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त तिच्यात थर्मामीटर नाही, आणि तापमानाशिवाय ऑक्सिजनच्या आकड्याचा पूर्ण अर्थ लागत नाही. तो आधी वेगळा घ्या.

पद्धत जुनीच, 1888 ची, रसायनशास्त्रज्ञ विंकलरची. घट्ट काचेच्या बुचाची 125 मिलीची बाटली, मँगनीज सल्फेट, अल्कली-आयोडाइड-अझाइड, सल्फ्युरिक आम्ल, स्टार्च आणि 0.025 नॉर्मल ताकदीचं सोडियम थायोसल्फेट एवढंच सामान. अझाइड असल्यामुळे सांडपाण्यातल्या नायट्राइटनं आकडा फुगत नाही. नाल्याजवळ मोजायचं असेल तर अझाइड नसलेली स्वस्त पेटी घेऊच नका.

बऱ्याच चुका रसायनात नाही, पाणी भरतानाच होतात. बादलीनं पाणी काढून बाटलीत ओतलं की वाटेत हवा मिसळते आणि मेलेलं पाणीही जिवंत दिसतं. बाटली फूटभर खोल बुडवून तिरकी धरा, सावकाश भरू द्या, पाण्याखालीच बूच लावा. आत एकही बुडबुडा नको. मग पहिली दोन रसायनं 1-1 मिली, ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडवून सोडायची. बाटली उलटीसुलटी करा. तपकिरी साका धरला तर ऑक्सिजन आहे; पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच, पुढं मोजायची गरजही नाही. साका अर्धा खाली बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या, मग 1 मिली आम्ल. पाणी स्वच्छ पिवळं होतं. इथपर्यंतचं काम घाटावरच उरका. पुढचं सावलीत, थोड्या वेळानं केलं तरी चालतं.

50 मिली मोजून घ्या आणि थायोसल्फेट थेंबाथेंबानं सोडा. रंग फिका गवती झाल्यावरच स्टार्च घाला, आधी घातलं तर शेवट ओळखता येत नाही. निळा रंग गेला की थांबा. थोड्या वेळानं निळं परत आलं तर ते मोजू नका. 50 मिलीला 1 मिली थायोसल्फेट म्हणजे लिटरला 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे 20 थेंबांचा मिली धरला तर एक थेंब 0.2 मिलिग्रॅमचा. पण ड्रॉपर तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो. पेटीतला ड्रॉपर बाजूला ठेवून 1 मिलीची, बारीक खुणांची सिरिंज सुई काढून वापरा.

या पेटीची खरी दुखरी बाजू थायोसल्फेट. ते उन्हात, उघड्या बुचात कमजोर होतं. कमजोर झालं की जास्त लागतं, म्हणजे आकडा खोटा वर जातो आणि घाण नदी चांगली दिसते. महिन्यातून एकदा तपासा: मोठ्या बाटलीत अर्धं स्वच्छ पाणी घेऊन दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, बुडबुडे निघून जाऊ द्या आणि ते पाणी पेटीतल्या बाटलीत काठोकाठ भरून मोजा. समुद्रसपाटीला 25 अंशांवर 8.3 यायला हवं; सांगली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणून इथं 7.7 च्या आसपास. माहितीपत्रकात ही उंचीची दुरुस्ती दिलेलीच नाही, त्यामुळं लोक चांगल्या पेटीलाही दोष देतात.

मोजायचं कुठं आणि केव्हा? दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आकडा छान येतो. पहाटे, सूर्य उगवण्याआधी मोजा. मासे गुदमरतात ते त्याच वेळी. आणि केवळ नाल्याच्या तोंडाशी मोजून घरी जाऊ नका. सेंद्रिय घाण कुजताना ऑक्सिजन खाते, पण कुजायला वेळ लागतो, म्हणून ऑक्सिजन सर्वांत कमी होतो तो प्रवाहात पुढं. सांगलीतून कृष्णेला मिळणाऱ्या शेरी नाल्याच्या वर एक, खाली एक आणि हरिपूरला वारणा मिळण्याआधी एक, अशा तीन बाटल्या तरी हव्यात. संगमानंतर वारणेचं पाणी मिसळतं, तुलना बिघडते. उन्हाळ्यात बंधाऱ्याआड पाणी थांबलं की परिस्थिती सर्वांत वाईट, शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला लिटरला 5 मिलिग्रॅम किंवा जास्त ऑक्सिजन आणि बीओडी (घाण कुजवताना जंतू वापरतात तो ऑक्सिजन) 3 किंवा कमी लागते. माशांना किमान 4. बीओडीसाठी हीच पेटी चालते, पण त्याच पाण्याच्या दोन बाटल्या भरा: एक लगेच मोजा, दुसरी अंधारात 27 अंशांवर तीन दिवस ठेवून मोजा; वजाबाकी म्हणजे बीओडी. सांगलीच्या एप्रिलमध्ये खोलीत ठेवून हे जमणार नाही, तापमान स्थिर ठेवणारा इन्क्युबेटर लागतो. नाल्याचं पाणी तसंच भरलं तर तीन दिवसांत शून्य येतं आणि काहीच कळत नाही. ते पातळ करावं लागतं, आणि ते काम प्रयोगशाळेवर सोडावं. मैलापाण्याचे जंतू या पेटीनं कळत नाहीत, त्याला हायड्रोजन सल्फाइडची काळी पडणारी बाटली वेगळी.

प्रोब (पाण्यात बुडवायची मोजकांडी) असलेला मीटर झटपट आहे, पण महाग, आणि तोही वेळोवेळी जुळवून घ्यावाच लागतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात मात्र मीटरच बरा.

घेताना रसायनांची तारीख पाहा आणि थायोसल्फेटची जादा बाटली सुटी मिळते का विचारा. अझाइड विषारी आहे, हातमोजे घाला. उरलेलं पाणी नदीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका, धातूच्या पाइपात अझाइड स्फोटक होऊ शकतं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून कॉलेजच्या रसायन विभागाकडं द्या.