कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या सीए मॅडम

ऑफिस लहानच. दोन टेबलं, चार खुर्च्या, आणि जुलैत जिन्यापर्यंत रांग. नाव लिहू नका असं मॅडमनीच सांगितलंय.

आधी मी कारखान्यातल्या बाकीच्यांसारखा एका एजंटाकडे जायचो. रिफंडातले दहा टक्के त्याचे. 2022-23 चे साडेबारा हजार परत आले, मी खूश. मॅडमनी ते रिटर्न उघडलं आणि एका आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. राजकीय पक्षाला देणगी, 60,000. अशा देणगीवर कर लागत नाही, म्हणून एजंटानं ती दाखवली होती. "दिली होती?" मी कुठल्या पक्षाला आजवर दहा रुपये दिलेले नाहीत. हातपाय गार पडले. खोटी माहिती देऊन कर चुकवला तर दंड त्या कराच्या 200 टक्के, आणि जबाबदारी एजंटाची नाही, माझी. नोटीस यायच्या आत, फेब्रुवारी 2025 मध्ये, त्यांनी अपडेटेड रिटर्न, म्हणजे चूक सुधारून पुन्हा भरायचं रिटर्न, भरून दिलं. वाचवलेला कर 12,480 रुपये, त्यावर व्याज आणि या दोन्हींच्या वर 25 टक्के जादा भरले. त्या रात्री शांत झोपलो.

मग म्हणाल्या, आता सरळ मार्गानं काय वाचतं ते बघू. बायकोच्या नावावर चार लाखांची एफडी करायचं माझ्या डोक्यात होतं. "करा की. पण व्याज तुमच्याच उत्पन्नात धरणार. त्या व्याजावर पुढं मिळेल ते व्याज मात्र त्यांचं." आणि आईला दिले तर? "मग व्याज आईंचं. पण पैसेही त्यांचेच झाले, हे लक्षात ठेवा."

घर आईच्या नावावर, आणि मी जुन्या कररचनेत, जिथं एचआरएवर (पगारातल्या घरभाडे भत्त्यावर) सूट मिळते. त्यासाठी भाड्याच्या बारा पावत्या लिहून नेल्या होत्या. मॅडमनी त्या बाजूला सारल्या. "भाडं खरंच गेलं पाहिजे. दर महिन्याला, बँकेतून. वर्षाला लाखाच्या वर जाणार, म्हणजे आईंचा पॅन लागेल, आणि त्यांच्या उत्पन्नात ते दिसलं पाहिजे. त्यांना त्या भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते."

आता दर पाच तारखेला आईच्या खात्यात 10,000 जातात. "पोराकडनं कसलं भाडं घ्यायचं?" म्हणून पहिल्या महिन्यात रुसली होती. आता त्यातनं गोळ्या आणते, भिशी भरते, मला विचारत नाही.

तक्रार एकच, फोन लवकर उचलत नाहीत. जुलैअखेर गेलात तर दोन तास मोडतील. जूनमध्येच जा, आणि पासबुक भरून न्या, पहिल्यांदा तेच मागतात.