भेटवस्तूऐवजी दान: स्टॉलवर उभं राहू की घरून काम करू?

मैत्रीण विचारत होती, सणाच्या गिफ्टचा खर्च गरिबांकडे वळवणाऱ्या संस्थेत व्हॉलंटियर व्हायचंय पण स्टॉल घेऊ की घरून लोकांशी मेसेजवर बोलायचं काम? मी दोन्ही केलंय.

वेळेचं बघितलं तर स्टॉल म्हणजे ऐन गर्दीत सलग तीन-चार तास उभं राहणं, मेसेजचं काम रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर बसून होतं. येण्याजाण्याचा खर्चही वाचतो.

खरा फरक बोलण्यात आहे. स्टॉलवर माणूस शेळीचा फोटो असलेलं कार्ड हातात घेतो, म्हणजे गिफ्टऐवजी कोणाच्या तरी नावाने गरीब कुटुंबाला शेळी देण्यासाठी दान, आणि पहिलाच प्रश्न, ही शेळी खरंच कोणाला मिळणार का? हेफर इंटरनॅशनल ही गरीब कुटुंबांना जनावरं देणारी १९४४ पासूनची संस्था, तीसुद्धा सांगते की कॅटलॉगमधली भेट प्रतीकात्मक असते, पैसे एकूण कामात जातात. हे तोंडावर नीट सांगता आलं नाही की माणूस कार्ड खाली ठेवून चालू पडतो, माझ्यासमोर कितीतरी गेलेत. मेसेजमध्ये विचार करून उत्तर देता येतं, पण वाचून गप्प बसणारेही ढीगभर.

बोलायची हौस असेल, पाय दुखले तरी चालत असेल तर स्टॉल. घरात लहान मूल असेल किंवा अनोळखी माणसाशी बोलताना घशाला कोरड पडत असेल तर मेसेजच घे.