मराठी कुराण, आठ महिने रोज वाचल्यावर

जूनमध्ये घेतलं, आता फेब्रुवारी संपत आला. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी रोज संध्याकाळी अर्धा तास हे मराठी भाषांतर वाचते. एका बाजूला मूळ अरबी, समोर मराठी, खाली टिपा. कागद आणि बांधणी उत्तम. टिपांचा टाइप मात्र इतका बारीक, की भिंग घ्यावं लागलं.

मी जन्मभर मराठी शिकवली, त्यामुळे लक्ष शब्दांकडे जातं. दोनेक महिन्यांनी 'काळ' हा शब्द खटकायला लागला. १०३वी सूरा, म्हणजे अध्याय, तीनच आयतींची, म्हणजे वचनांची. तिच्या आरंभी 'अस्र'ची शपथ आहे. अस्र म्हणजे सरत चाललेला काळ. दुपार कलल्यावरच्या नमाजालाही तेच नाव. ४५व्या सूरेत 'आम्हाला काळच संपवतो' असं म्हणणारे लोक येतात, तिथे शब्द आहे 'दह्र'. ठरवून दिलेल्या मुदतीला 'अजल'. या भाषांतरात तिन्हींना 'काळ'! दह्रला तो चपखल बसतो, कारण आपल्याकडे काळ म्हणजे मृत्यूसुद्धा. पण अजलला 'मुदत' का नको? 'घटका भरली' म्हणणारी भाषा आहे आपली.

टिपांवर माझा खरा राग आहे. ३०व्या सूरेत रोमन हरले, पण काही वर्षांत जिंकतील असं सांगितलंय. 'काही'साठी 'बिद्अ', म्हणजे तीन ते नऊ. इराण्यांनी ६१४मध्ये रोमनांकडून जेरुसलेम घेतलं, पुढे ६२७मध्ये रोमन सम्राट हेराक्लियसनं निनेव्हेजवळ इराण्यांना हरवलं. टीप दोन पानं वर्षांची बेरीज-वजाबाकी करत बसते. आणि लगेच सातव्या आयतीत लोकांना या जगण्याचं वरवरचंच कळतं असं म्हटलंय, त्यावर एक ओळ नाही! ३२व्या सूरेत एक दिवस हजार वर्षांचा, ७०व्यात पन्नास हजारांचा. टीप त्यातून प्रकाशाचा वेग काढते. आकडेच वेगळे आहेत, तर ती मोजपट्टी कशी असेल? माणसाच्या मापात तो काळ बसत नाही, हेच तर तिथे ऐकू येतं.

मागच्या गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात, मी त्यांना मास्टरसाहेब म्हणते. ते म्हणाले, "बेन, नबीमध्ये 'नबा' ऐका. नबा म्हणजे खबर." म्हणजे नबी हा खबर आणणारा. आपला 'प्रेषित' हा 'रसूल' या दुसऱ्या शब्दाचा अर्थ, धाडलेला. नबीला मराठीत वेगळा शब्दच नाही, म्हणून पैगंबर म्हणजे भविष्य सांगणारा असा घोटाळा होतो. त्यांनीच मला कवी आणि विचारवंत इक्बाल यांची १९३०मध्ये छापलेली इंग्रजी व्याख्यानं वाचायला दिली. पैगंबरीची परंपरा मुहंमदांपाशी पूर्ण झाली, म्हणजे यापुढे माणसानं निसर्ग, इतिहास आणि स्वतःची बुद्धी वापरून चालायचं, असा अर्थ इक्बाल लावतात. विसाव्या शतकातले इस्लामचे अभ्यासक फझलुर रहमान वेगळ्या वाटेनं जातात: आधी आयत उतरली त्या काळात जा, तिचा हेतू शोध, मग तो घेऊन आजच्या काळात परत ये. हे वाचल्यावर बेरजांच्या टिपा मी सोडूनच दिल्या. इतक्या टिपा देणाऱ्यानं या दोघांचं नावही घेऊ नये, याचं वाईट वाटतं.

घ्यावं का? जरूर घ्या. मराठी ओघवती आहे, आणि तीन-चार ओळींच्या छोट्या सूरा मोठ्यानं वाचल्या तर कानात राहतात. फक्त हाताशी पेन्सिल ठेवा. माझ्या प्रतीत १०३व्या सूरेच्या समासात 'कलता दिवस' लिहिलंय. मास्टरसाहेबांनी त्याखाली उर्दूत 'दुरुस्त' लिहून दिलं. टाइप मोठा करा आणि अजलला 'मुदत' म्हणा, असं पत्र प्रकाशकांना पाठवलंय.