टोपणनाव एक, हात किती? घोस्टरायटर, सहलेखक की एकट्यानेच?

तुमच्या टोपणनावाला वाचक लाभलेत. मालिकेची पाच-सहा पुस्तकं निघाली, पुढचं कधी म्हणून विचारणा होते, आणि तुमचा हात काही वर्षाला एका कादंबरीपुढे जात नाही. मग तीन वाटा दिसतात. जमेल तसं एकट्याने लिहीत राहायचं, गुपचूप दुसऱ्याकडून, म्हणजे घोस्टरायटरकडून, लिहून घ्यायचं, किंवा सरळ सहलेखक घेऊन त्याचं नाव मुखपृष्ठावर टाकायचं. मला विचाराल तर बहुतेकांनी तिसरी वाट धरावी. पण मोह पडतो तो दुसरीचा, म्हणून बोलायचं जास्त तिच्यावरच आहे.

एकट्याचं आधी उरकतो. ही वाट वाटते तितकी संथ नसते. दिवसाला हजार शब्द लिहिणाऱ्याचा सत्तर हजार शब्दांचा कच्चा खर्डा अडीच महिन्यांत हातात येतो. घोडं अडतं ते पुढे, पुनर्लेखनात. बेल्जियन लेखक जॉर्ज सिमेनोंने पोलीस अधिकारी मेग्रेच्या ७५ रहस्यकादंबऱ्या स्वतः लिहिल्या, रोज एक प्रकरण या वेगाने. तो अपवाद, हे कबूल. तरी तुमचा वेळ नक्की कुठे जातो ते आधी मोजा. तो खर्ड्यात जात नसेल, तर दुसऱ्याकडून खर्डा विकत घेऊन काहीच सुटणार नाही.

आता घोस्टरायटर. या धंद्याचा कारखाना अमेरिकेत एडवर्ड स्ट्रेटेमायरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उभा केला. टोपणनाव त्याच्या कंपनीच्या, म्हणजे सिंडिकेटच्या, मालकीचं, कथानकाचा दोन-तीन पानी आराखडा सिंडिकेटचा, लिहिणारा बाहेरचा. त्याला एकरकमी मानधन, रॉयल्टी नाही, हक्क लिहून द्यायचे आणि तोंड बंद ठेवायचं. १९३० साली कॅरोलिन कीन या टोपणनावाने नॅन्सी ड्रू ही मुलींसाठीची रहस्यकथा-मालिका सुरू झाली. पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ मिल्ड्रेड बेन्सन यांनी लिहिली, सुरुवातीला पुस्तकामागे १२५ डॉलरवर. ते जगाला नीट कळलं १९८० मध्ये, प्रकाशकांच्या भांडणात त्या साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा. पन्नास वर्षं गुपित टिकलं आणि फुटलं ते कोर्टात. टोपणनावामागची गुपितं बहुधा अशीच फुटतात, पैशाच्या वादातून.

एवढं वाचून पुष्कळांना वाटतं, झकास, आपणही असंच करू. पण सिंडिकेटमध्ये आराखडा देणारा आणि हस्तलिखितावर शेवटचा हात फिरवणारा एकच होता, हे नजरेआड होतं. लेखक बदलले तरी पुस्तक त्याच चाळणीतून जायचं. घोस्टरायटर ठेवलात की ती चाळणी तुम्ही. म्हणजे तुमची लेखकाची नोकरी जाते आणि संपादकाची लागते. हे काम सगळ्यांना आवडत नाही, आणि चांगलं लिहिणाऱ्यांना तर सहसा येतही नाही.

एक उदाहरण देतो. मालिकेतल्या एका पुस्तकाचं हस्तलिखित तपासायला माझ्याकडे आलं होतं. भाषा सफाईदार, प्रकरणं वेळेवर संपणारी, कुठे बोट ठेवायला जागा नाही. नवव्या प्रकरणात खलनायक नायिकेच्या डाव्या कानाशी लागून धमकी देतो आणि ती शहारते. पंचाईत अशी की पहिल्या पुस्तकातल्या स्फोटात तिचा डावा कान गेलेला. लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या हातात फक्त त्या एका पुस्तकाचा आराखडा दिला होता. प्रसंग नव्याने लिहावा लागला, आणि त्या धमकीवर बेतलेली पुढची दोन प्रकरणंही. बरं, मूळ लेखिकेने तीच अडचण कामाला लावली असती: खलनायक चुकीच्या बाजूने कुजबुजतो, तिला काही ऐकूच येत नाही, आणि तो तिच्या शांतपणाला धैर्य समजतो. असं काही पात्रासोबत वर्षं काढलेल्याला सुचतं. पात्रांचे तपशील टिपलेली मालिकेची वही कितीही नीट ठेवा, वहीत कान येतो, त्याचा उपयोग येत नाही.

पैशाचा हिशेबही फसवा असतो. मानधन दिलं की मोकळे, असं वाटतं. त्यात आराखडा लिहिण्याचे, वही तयार करण्याचे आणि दुरुस्तीचे तुमचे दिवस धरलेले नसतात. वर जोखीम तुमच्याच नावावर. २०१९ मध्ये ब्राझीलच्या एका खपणाऱ्या प्रणयकथा-लेखिकेच्या पुस्तकांत नामवंत लेखिकांचे उतारे जसेच्या तसे सापडले. तिने बोट दाखवलं घोस्टरायटरकडे. वाचकांनी ते मनावर घेतलं नाही, आणि का घ्यावं? मुखपृष्ठावर नाव तिचंच होतं.

कायदाही देशोदेशी वेगळा. ‘पैसे दिले म्हणजे हक्क माझे’ हे अमेरिकेतसुद्धा आपोआप होत नाही. बाहेरच्या लेखकाची स्वतंत्र कादंबरी तिथे एरवी नोकरीतलं काम धरली जात नाही, त्यामुळे हक्कांचं लेखी हस्तांतरण लागतं, आणि तेही ३५ वर्षांनी मागे घेण्याची सोय लेखकाला आहे. फ्रान्समध्ये तर लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क विकताच येत नाही. नमुना करारनामा डाऊनलोड करून सही उरकू नका.

एका ठिकाणी मात्र घोस्टरायटर खरंच शोभतो: नाव हे माणूस न राहता मालमत्ता झालं असेल तिथे. अमेरिकी कादंबरीकार व्ही. सी. अँड्र्यूज १९८६ मध्ये वारल्या, त्यानंतर त्या नावाने अँड्र्यू नायडरमन लिहीत आले. अमेरिकेच्या करखात्याने नुसत्या त्या नावावर वारसा-कर मागितला, आणि १९९४ मध्ये कोर्टाने त्याची किंमत ठरवली ७,०३,५०० डॉलर. तुमच्या टोपणनावाला तसं वजन असेल तर खुशाल कारखाना काढा. पण मग लेखकाचा खोटा फोटो, रचलेलं चरित्र, ‘मी लिहिताना रडले’ छापाची उत्तरं वाचकांना पाठवू नका. टोपणनाव वाचक चालवून घेतो, सोंग घेत नाही.

सहलेखकाच्या वाटेवर हे ओझं बरंच हलकं होतं. अमेरिकी थरारकादंबरीकार जेम्स पॅटरसन वर्षानुवर्षं हेच करतात: तपशीलवार आराखडा त्यांचा, खर्डा सहलेखकाचा, आणि मुखपृष्ठावर दोन्ही नावं, एक मोठ्या टायपात, दुसरं लहान. खपावर काही परिणाम झालेला दिसत नाही. नाव लागलं की लिहिणाऱ्याचीही अब्रू पणाला लागते आणि तो डाव्या कानाची चौकशी आपणहून करतो. उलट ऑग्युस्त माके पाहा. फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्यूमाच्या गाजलेल्या कादंबऱ्यांत त्याचा मोठा हात, पण १८५८ साली कोर्टातून पैसे मिळाले, नाव नाही. अधलामधला मार्गही आहे: ‘ॲनिमॉर्फ्स’ या मुलांसाठीच्या मालिकेतली बरीच नंतरची पुस्तकं दुसऱ्यांनी लिहिली आणि त्यांचा उल्लेख आतल्या पानावर आभारात आला. मला तो अर्धवट वाटतो, पण लपवण्यापेक्षा बरा.

सहलेखकाची किंमत म्हणजे रॉयल्टीतला वाटा, आणि भांडण झालंच तर पात्रं कुणाची हा प्रश्न. पात्रं, मालिकेचं नाव आणि पुढच्या पुस्तकांचे हक्क तुमचे, त्याचा वाटा त्या एका पुस्तकापुरता, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. मैत्री असेल तर आधी घ्या.

तरीही मन घोस्टरायटरकडेच ओढत असेल, तर पूर्ण कादंबरी देऊ नका. एक प्रकरण द्या, मधलं, संवादांनी भरलेलं, आणि त्याचे पैसे चुकते करा. खर्डा आला की घड्याळ लावून दुरुस्तीला बसा. आपल्या आवाजात आणायला दोन बैठका लागल्या तर पुढे बोलणी करा. चार लागल्या तर तेवढ्यात तुमचं स्वतःचं प्रकरण लिहून झालं असतं.