दाखवायचं व्होल्टेज वेगळं, द्यायचं वेगळं: एका झेड३९० मदरबोर्डचं परीक्षण

मदरबोर्डचं परीक्षण म्हटलं की लोक आधी फेज, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या मार्गिका, मोजतात, मग हीटसिंकचे फोटो टाकतात. माझा दिवस पॉवर सप्लाय दुरुस्तीच्या बेंचवर जातो, त्यामुळे माझी सवय उलटी. जेवढं व्होल्टेज मागितलं तेवढं मिळतं का, हे मी आधी बघते. या बोर्डाकडून ते मिळत नाही. आणि किती दिलं हेही तो धड सांगत नाही. बाकी बऱ्याच गोष्टी जमल्या असूनही ओव्हरक्लॉकिंगसाठी (चिप मूळ वेगाच्या पुढे पळवण्यासाठी) हा बोर्ड घेऊ नका असं मी म्हणते, ते एवढ्याचसाठी.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे दुखणं कमीअधिक प्रमाणात बऱ्याच बोर्डांत सापडतं, आणि नाव वाचलं की माणसं मोजणं सोडून बाजू घ्यायला लागतात. चिपसेट झेड३९०, बोर्ड मधल्या फळीतला. त्यावर बसवलेली चिप माझ्या धाकट्या भावाची, आय७-९७००के. आठ कोअर, हायपरथ्रेडिंग नाही, एका कोअरवर ४.९ गिगाहर्ट्झ आणि आठही राबायला लागले की मूळ टर्बो (चिप स्वतःहून गाठते तो वेग) ४.६. भाऊ थ्रीडी रेंडरिंग करतो. त्याचे आठही कोअर तासन्‌तास जुंपलेले असतात, त्यामुळे एका कोअरचा आकडा त्याच्या काही कामाचा नाही. त्याला हवे होते सगळ्या कोअरवर पाच गिगाहर्ट्झ, आणि या चिपसाठी ती काही अवाजवी मागणी नव्हे.

जे चांगलं आहे ते आधी उरकते. व्हीआरएम, म्हणजे चिपसाठी व्होल्टेज उतरवून देणारं सर्किट, दणकट आहे. खोक्यावर बारा फेज लिहिलेत. चोक (फेजमागची कॉइल) मोजले तर तेवढे भरतातही. पण कोअरसाठी कंट्रोलरमधून निघणारे सिग्नल निम्मेच आहेत, पुढे डबलर लावून जोड्या केल्यात. ही या धंद्यातली जुनी हातचलाखी, तिचा मला राग नाही. अर्धा तास रेंडर चालू ठेवूनही मॉसफेटवरचा हीटसिंक हाताला सहज सोसेल इतकाच गरम होता. रॅम पहिल्या झटक्यात एक्सएमपीवर, म्हणजे तिच्या जाहीर वेगावर, चालली. बायोसची मांडणी सुटसुटीत आहे, पंख्यांचे कर्व्ह नीट ओढता येतात. बस.

आता व्होल्टेज. बायोसमध्ये व्हीकोअर (कोअरचं व्होल्टेज) फिक्स्ड मोडवर १.२५ ठेवलं, सी-स्टेट (रिकाम्या वेळी चिपला झोपवणारी सोय) बंद केल्या, लोडलाइन कॅलिब्रेशन (त्याबद्दल पुढे) मधल्या पायरीवर. सगळे कोअर ४.९ वर. विंडोज सुरू झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १.२४८ दिसलं, रेंडर सुरू केल्यावर १.२३२. असं बघितलं की कोणीही खूश होईल. शंभर अँपिअरच्या आसपास करंट वाढला आणि व्होल्टेज जेमतेम १६ मिलीव्होल्ट पडलं! पण मशीन काही टिकत नव्हतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआच्या (हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या) १९ नंबरच्या नोंदी, इंटर्नल पॅरिटी एरर, आणि थोड्या वेळाने निळा पडदा. भावाने निकालही देऊन टाकला: “ताई, चिपच पुचाट निघाली. १.२३ व्होल्ट देऊनही ४.९ पेलवत नाहीत हिला.”

बोर्ड उघड्या स्टँडवर उभा केला आणि सॉकेटच्या मागे, बॅकप्लेटच्या मधल्या चौकोनात जे बारीक सिरॅमिक कपॅसिटर दिसतात त्यांच्यावर मल्टिमीटर धरला. मशीन रिकामं बसलेलं असताना १.२९. रेंडर चालू केल्यावर १.१७. मागितलेल्यापेक्षा एकीकडे ४० मिलीव्होल्ट जास्त, दुसरीकडे ८० कमी. म्हणजे चिपला १.२३ मिळतच नव्हते. १.१७ वर ती ४.९ ला धापा टाकत होती, आणि एवढ्या कमी व्होल्टेजवर ती तिथवर पोचली हेच खरं तर तिचं कौतुक.

(कोणी करून बघणार असाल तर प्रोबच्या टोकाला स्लीव्ह चढवा, फक्त टोकाचा जेमतेम मिलिमीटरभर धातू उघडा ठेवा. शेजारच्या कपॅसिटरवर घसरलात तर बोर्ड आणि चिप दोन्ही जातील. काळी प्रोब ग्राउंडच्या स्क्रूला लावून मोकळी ठेवली तर एकच हात लागतो.)

लोड आल्यावर व्होल्टेज पडणं हा मुळात दोष नाही, हे इथे सांगायला हवं. इंटेल स्वतःच ठरवून देते की करंटच्या प्रमाणात व्होल्टेज थोडं खाली यावं. या पिढीच्या आठ कोअरच्या चिपसाठी तो उतार १.६ मिलीओहम आहे. म्हणजे शंभर अँपिअरला १६० मिलीव्होल्टची घसरण कागदावरच मंजूर. लोड एकदम सुटला की व्होल्टेज वर उसळतं, त्या उसळीसाठी ही जागा राखलेली असते. लोडलाइन कॅलिब्रेशन हा उतार सौम्य करतं. माझ्या मोजणीत मधल्या पायरीचा उतार साधारण १.२ मिलीओहम निघाला. हेही चालेल, मला तक्रार नाही. तक्रार दोन गोष्टींची आहे. उताराची सुरुवातच ४० मिलीव्होल्ट वरून होते, आणि उतार किती आहे हे बोर्डाचा सेन्सर लपवतो.

सेन्सर का लपवतो? सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आकडा सुपर आयओ या बोर्डावरच्या सेन्सर वाचणाऱ्या चिपमधून येतो. ही चिप ८-८ मिलीव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजते, म्हणून तर १.२४८, १.२४०, १.२३२ असेच आकडे दिसतात. ती कुठून मोजते हे बोर्ड आखणाऱ्याच्या हातात. प्रोसेसरच्या सेन्स पिनांवरून तार ओढली तर डायजवळचं (चिपच्या सिलिकॉनजवळचं) खरं व्होल्टेज कळतं. चोकच्या तोंडाशी मोजलं तर मधल्या तांब्याच्या थरात आणि सॉकेटमध्ये काय सांडलं ते कळत नाही. इथे बहुधा तेच झालंय. पण लोडवर मीटर आणि सॉफ्टवेअर यांच्यात ६० मिलीव्होल्टची तफावत आहे आणि रिकाम्या वेळी ती उलट्या दिशेची आहे, हे फक्त तारेच्या जागेवर ढकलता येणार नाही. कॅलिब्रेशनच चुकलेलं आहे.

याचा परिणाम असा की माणूस आंधळेपणाने व्होल्टेज वाढवत जातो. भावानेही सेटिंग १.३५ वर नेलं होतं, आणि ४.९ स्थिर झाले. मीटरवर तेव्हा लोडवर १.२५ होते, म्हणजे चिपला खरोखर लागत होते तेवढेच. ते ठीक. पण रिकाम्या वेळी तिच्या अंगावर १.३९ व्होल्ट. पाच गिगाहर्ट्झसाठी १.३८ मागावे लागले, रिकाम्या वेळी १.४२ झाले, आणि तरीही रेंडरची नवी फ्रेम सुरू होताना मशीन पडायचं. करंट एकदम चढताना व्होल्टेज क्षणभर स्थिर पातळीच्याही खाली बुडी मारतं, ती बुडी चिपला सोसत नव्हती. शिवाय उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते: १.१७ वरून १.२५ वर गेलं की तेवढ्याच क्लॉकला सुमारे १४ टक्के जास्त वॅट. त्या क्लॉकला ते लागतातच. पण सॉफ्टवेअर बघणाऱ्याला वाटतं आपण १.३३ दिलेत, आणि तो कूलर बदलायला धावतो.

तीच चिप भावाच्या मित्राच्या बोर्डावर बसवून बघितली. तोही झेड३९०च, दिसायला साधा, फेज कमी. १.३० मागितले, रिकाम्या वेळी मीटरवर १.३०, लोडवर १.२७, आणि सॉफ्टवेअरमध्येही पाचदहा मिलीव्होल्टच्या फरकाने हेच आकडे. पाच गिगाहर्ट्झ, रात्रभर रेंडर, व्हीआची एकही नोंद नाही. चिप पुचाट नव्हती.

मग आपल्या बोर्डाचं लोडलाइन कॅलिब्रेशन वाढवून बघू, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हटलं. आधी एक सूचना: पायरीचा नंबर कुठल्या बाजूने कडक होतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. कोणाकडे ८ सगळ्यात कडक, कोणाकडे १. दुसऱ्या बोर्डाचा सल्ला डोळे मिटून उचलू नका. या बोर्डावर मधल्या पायरीपासून पुढच्या दोन पायऱ्यांत मीटरला फरकच दिसला नाही. त्यानंतरच्या, म्हणजे सगळ्यात कडक पायरीवर मात्र एकदम उडी: लोड आल्यावर व्होल्टेज पडण्याऐवजी मागितलेल्यापेक्षा वर चढलं. मधलं काही नाहीच.

त्या पायरीवर ऑसिलोस्कोप लावला. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, आणि एचडब्ल्यूइन्फो तर मुळात दर दोन सेकंदांनी एकदा डोकावतं. मधे काय घडून गेलं ते दोघांच्याही गावी नसतं. स्कोपवर लोड सुटण्याच्या क्षणी १.२५ च्या सेटिंगला १.३८ पर्यंतची उसळी दिसली, काही दशक मायक्रोसेकंदांची. एकदा आली तर काही बिघडत नाही. पण रेंडरमध्ये लोड दिवसभर सुटतो-धरतो, आणि अशा प्रत्येक वेळी ही उसळी चिपच्या वाट्याला येणार. ही पायरी मी लगेच बंद केली आणि तुम्हीही करा.

स्लीपचा घोळ याहून चीड आणणारा. ॲडॅप्टिव्ह मोडमध्ये (चिप वेगाप्रमाणे व्होल्टेज मागते तो) उणे ६० मिलीव्होल्टचा ऑफसेट दिला, सगळं शांत चाललं. मशीन स्लीपमध्ये गेलं, उठलं, की ऑफसेट गायब. बायोसमध्ये जाऊन बघावं तर आकडा जागच्या जागी. रीस्टार्ट केलं की पुन्हा लागू. भावाला कळेना की सकाळी ७५ अंशांवर असणारी चिप जेवून आल्यावर ८५ ला का जाते. कारण जेवायला जाताना मशीन झोपायचं.

कंपनीला मोजमापाचे फोटो पाठवले. ओव्हरक्लॉकिंग वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर आलं. मी लिहिलं की ४० मिलीव्होल्टची वाढ मूळ सेटिंगवरही आहे, तेव्हा ओव्हरक्लॉकिंगचा इथे संबंध नाही. त्यावर नवीन बायोस टाकून बघा, एवढंच. टाकलं. स्लीपचा घोळ खरंच गेला. पण बाकीचे आकडे होते तिथेच, आणि ‘ऑटो’वरची एसी लोडलाइन आता १.६ मिलीओहम झाली होती. एसी लोडलाइन म्हणजे ‘माझं व्होल्टेज वाटेत एवढं पडणार आहे’ असं बोर्डाने चिपला आधीच सांगणं. चिप त्या हिशेबाने वाढवून मागते. बोर्ड सांगतो १.६, प्रत्यक्षात पाडतो १.२. शंभर अँपिअरला ४० मिलीव्होल्ट इथे फुकटचे, त्यात मूळचे ४० मिळवा. काहीही न छेडलेल्या मशीनला ८० मिलीव्होल्ट जास्त! लोक म्हणतात, मी ओव्हरक्लॉक करत नाही, मला काय त्याचं. तर हे त्याचं.

असल्या गोष्टी किती महागात पडू शकतात हे आता सगळ्यांना कळलंय. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतल्या एक्सथ्रीडी चिपा सॉकेटमध्ये जळाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा एएमडीने बायोस अपडेटमधून एसओसी (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या) व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या चिपा अस्थिर होत असल्याचं प्रकरण गाजलं. इंटेलने ०एक्स१२९ मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या प्रकरणांची कारणं वेगळी होती. पण चिपला किती व्होल्टेज पोचतंय हे वापरणाऱ्याला दिसत नव्हतं, हे तिथेही होतंच.

ज्यांच्याकडे असा बोर्ड आधीच आहे त्यांच्यासाठी आमचा तोडगा. फिक्स्ड मोड सोडून द्या. ॲडॅप्टिव्ह ठेवा, लोडलाइन कॅलिब्रेशन मधल्या पायरीवर, क्लॉक मूळ टर्बोवर, आणि एसी लोडलाइन हळूहळू खाली आणा. एचडब्ल्यूइन्फो सध्याची एसी-डीसी लोडलाइन मिलीओहममध्ये दाखवतं, ते वाचन इथे विश्वासाचं आहे. आमच्याकडे ०.८० वर हिशेब जुळला: लोडवरचं जास्तीचं व्होल्टेज जवळजवळ नाहीसं झालं आणि तापमान दहा अंशांच्या आसपास उतरलं. ४.६ वर बोर्ड निमूटपणे काम करतो. प्रत्येक पायरीवर रेंडर चालवून व्हीआच्या नोंदी बघा. एकही आली तर एक पायरी मागे. सॉफ्टवेअरमधल्या व्हीकोअरच्या आकड्याकडे बघूच नका, वॅट आणि तापमान बघा.

पाचपैकी दोन. साध्या, कुलूपबंद (ओव्हरक्लॉक न होणाऱ्या) चिपसाठी कोणी देत असेल तर एसी लोडलाइन बदलून खुशाल वापरा. के मालिकेची, म्हणजे कुलूप नसलेली, चिप हातात असेल तर कमी फेजचा पण खरं बोलणारा बोर्ड बघा. घेण्याआधी कुणी मल्टिमीटर लावून मोजलंय का तेवढं शोधा, नुसते सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट धरू नका.

भावाचं मशीन सध्या याच सेटिंगवर आहे. आणखी एक नवीन बायोस आलंय असं तो परवा म्हणाला. टाकायला हरकत नाही, पण त्याआधी सगळ्या सेटिंग्जचे फोटो काढून ठेव म्हटलं. जुन्या बायोसमध्ये सेव्ह केलेलं प्रोफाइल नव्यात बहुतेक वेळा चढत नाही, आणि एसी लोडलाइन पुन्हा ‘ऑटो’वर जाऊन बसते.