अशोक स्तंभाजवळची प्रिंट लॅब: गुरूच्या युरोपा या चंद्राचे फोटो छापून घेतले, त्याबद्दल

पूर्ण पाच स्टार देते आहे. कशासाठी, ते सविस्तर लिहिते, कारण अशा कामाला नाशिकमध्ये कुठे जायचं हे मला कुणीच सांगू शकलं नव्हतं.

आमचा आकाश बघणाऱ्यांचा छोटा गट आहे. आभाळ मोकळं असलं की गंगापूर धरणाच्या बाजूला दुर्बीण लावतो, पावसाळ्यात कुणाच्या तरी घरी जमून यानांनी पाठवलेले फोटो बघतो. सध्या विषय एकच, युरोपा. गुरूचा हा चंद्र आपल्या चंद्रापेक्षा थोडा लहान, वरून अख्खा बर्फाचा, आणि त्या बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र असावा असं शास्त्रज्ञ मानतात. २९ सप्टेंबर २०२२ला नासाचं जुनो यान त्याच्या जेमतेम ३५२ किलोमीटरवरून गेलं. गॅलिलिओ यानानंतर इतक्या जवळून त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. पण मोबाइलवर जो तो आपापल्या स्क्रीनवर फोटो मोठा करतो आणि कोण कुठल्या रेघेबद्दल बोलतंय तेच कळत नाही. टेबलावर पसरून सगळ्यांना वाकून बघता येतील असे प्रिंट हवे होते.

आधी दुसरीकडे एक काढून घेतला होता. लांबून झकास दिसायचा. पण तिथल्या मशीनवर फोटो आपोआप खुलवायची सेटिंग चालू होती, त्यामुळे बर्फावरच्या प्रत्येक वरंब्याला पांढरी कड आली. गटातले दोघं तर वरंब्यांवर ताजा हिमकण साचलाय का, यावर वाद घालायला लागले. मूळ फाइल उघडली तर ती कड नव्हतीच. लग्नाच्या अल्बमला हे चालून जातं. इथे फोटोतली प्रत्येक रेघ हा पुरावा असतो, त्यात मशीननं स्वतःची भर घातली की सगळी चर्चाच वाया.

या लॅबमधल्या दादांनी फाइल उघडली आणि आधी विचारलं, "ताई, फोटो फार लहान आहे. मोठा केला तर मधलं मशीन मनानं भरणार. चालेल का?" तिथेच मी ठरवलं की काम इथेच द्यायचं. तो फोटो जुनोच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा नव्हता. यानाला दिशा कळावी म्हणून तारे टिपणारा एक वेगळा कॅमेरा असतो, त्यानं युरोपाच्या रात्रीच्या बाजूचा एक तुकडा टिपला. तिथे सूर्य नव्हता, गुरूवरून परतणारा मंद उजेड तेवढा होता. साधारण १५० बाय २०० किलोमीटरचा प्रदेश, आणि एक पिक्सेल म्हणजे सुमारे ३०० मीटर. मी मोठ्या पोस्टरच्या हिशोबानं गेले होते. दादांनी तीन मापांत छोटे तुकडे छापून दाखवले आणि १२ बाय १६ इंचांवर थांबायला सांगितलं. ते माप इतकं सोयीचं निघालं की बस. एका इंचात साडेबारा किलोमीटर! नाशिक-त्र्यंबक रस्ता सव्वादोन इंचांत मावतो. शास्त्रज्ञांनी ज्याला 'प्लॅटिपस' म्हटलंय तो ३७ बाय ६७ किलोमीटरचा उखडलेला भाग या प्रिंटवर पाच इंचांहून लांब दिसतो. बर्फ तिथे फुटून, विस्कटून पुन्हा गोठल्यासारखा आहे. आजूबाजूला जोडीजोडीनं गेलेले वरंबे आणि काही काळसर डाग. हे डाग खालून वर आलेल्या कशाचे तरी असतील का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही मोकळाच ठेवलाय, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यावरच जातो.

याच फोटोत बारीक पांढरे ठिपके विखुरलेले आहेत. दादांचा हात रोज चेहऱ्यावरचे डाग पुसण्यात बसलेला, पण तरी त्यांनी परस्पर काही केलं नाही. "ही धूळ काढून टाकू?" असं विचारलं. ती धूळ नाही. गुरूभोवतीचा किरणोत्सार भयंकर आहे, त्यातले वेगवान कण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आदळले, त्यांच्या या खुणा आहेत. सांगितल्यावर त्यांनी एकेक ठिपका जसाच्या तसा ठेवला. आमच्यातले एक काका नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून, निवृत्त झालेत, भिंग कायम खिशात. त्यांनी भिंगाखाली प्रिंट आणि लॅपटॉपवर फाइल असं कोपऱ्याकोपऱ्यानं तपासलं आणि म्हणाले, "काम चोख आहे." प्रेसमधल्या माणसाचं हे सर्टिफिकेट माझ्या पाच स्टारपेक्षा मोठं आहे.

दुसरे प्रिंट जुनोकॅमचे, म्हणजे यानाच्या नेहमीच्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या दिवसाच्या बाजूचे. यान मिनिटाला साधारण दोनदा स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे हा कॅमेरा लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून पट्ट्या पट्ट्यांत टिपतो. त्या पट्ट्या नासा सगळ्यांना खुल्या करते आणि कुणीही त्या जोडून रंगीत फोटो बनवू शकतो. आमच्या गटातल्या इंजिनिअरिंगच्या पोरानं दोन बनवले: एक डोळ्यांना दिसेल तसा फिकट, दुसरा रंग ताणलेला, म्हणजे रंगांतला फरक मुद्दाम वाढवलेला. दोन्ही एकाच कागदावर, एकाच शाईत हवे होते, नाहीतर फरक युरोपाचा की प्रिंटरचा हे कळणार नाही. लॅबनं आधी टेस्ट पट्टी काढून दिली, तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कुठला ताणलेला आहे ते खाली छापूनच घेतलं, आणि तुम्हीही घ्या.

या फोटोंमध्ये मला सगळ्यात आवडतो तो 'ग्वर्न'. आधी त्याला सुमारे २१ किलोमीटर रुंदीचं उल्कापाताचं विवर समजत होते. जुनोकॅमच्या फोटोंवरून कळलं की विवर वगैरे काही नाही, एकमेकांना छेदणाऱ्या वरंब्यांची सावली तेवढी लंबगोल पडत होती. मी अंबडला कारखान्यात क्वालिटीला आहे. कास्टिंगवर चीर आहे की नुसता ओरखडा, हे बघायला आम्ही टॉर्च आडवा धरतो आणि बाजू बदलून पुन्हा बघतो. युरोपाला तसा टॉर्च धरता येत नाही, पुढच्या यानाची वाट बघावी लागते. म्हणून प्रत्येक प्रिंटच्या समासात उजेड कुठून येतोय त्याचा बाण हवाच. प्रिंट उलटा धरला की वरंब्यांच्या जागी चर दिसायला लागतात, विश्वास नसेल तर स्वतः करून बघा.

इथेच एक तक्रार. बाण छापलेला असूनही एका प्रिंटला फोमबोर्डवर हूक उलट्या बाजूनं लावलं होतं. परत दिल्यावर बदलून दिलं, पण पुन्हा हेलपाटा पडला. चकचकीत लॅमिनेशनचा आग्रहही होतो, तो मानू नका. ट्यूबलाइट चमकते आणि बारीक तपशील जातात. मॅट कागदच घ्या. पार्किंगचं विचारूच नका, गाडी लांब लावून चालत जा.

युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ला निघालंय, एप्रिल २०३०मध्ये गुरूपाशी पोचेल. तेव्हाचे फोटो याच मापात, याच कागदावर काढून आत्ताच्या प्रिंटशेजारी ठेवायचे आहेत. कागदाचा प्रकार आणि प्रिंटरची सेटिंग दादांनी आमच्या प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं लिहून दिली आहे, मी न सांगता.

जाणाऱ्यांसाठी: फाइल पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवली तर ती दबून जाते आणि नसलेले चौकोन उमटतात. 'ऑटो करेक्शन बंद' हे तोंडी सांगा आणि पावतीवर लिहूनही घ्या. लग्नसराईत जाऊ नका, चार-चार दिवस लागतात. एरवी दुपारी निवांत असतात, तेव्हा शेजारी बसवून काम करून देतात.