पस्तीस टेबले, त्यांतली अकरा रेझिनची

राखीपौर्णिमेच्या आठवडाभर आधी नागपुरात धरमपेठेतील एका सभागृहात दोन दिवसांची हस्तकला प्रदर्शन-विक्री भरली होती. क्रोशाची तोरणे, रुमाल आणि राख्या घेऊन मी तेथे बसले होते. आयोजकांचे नाव लिहीत नाही. पुढच्या खेपेला टेबल घेऊ पाहणाऱ्या बायकांना हिशेब आधी कळावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

भाडे २,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३०४ रुपये. माझ्यासारख्या जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेतीला हा कर परत मिळत नाही, तो मालाच्या किमतीतच बसवावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या बऱ्याच वस्तूंवरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण जागेच्या भाड्याला त्याचा उपयोग नाही. सहा फुटी टेबल, दोन खुर्च्या, एक प्लग, वेळेवर चहा. व्यवस्थेला नावे ठेवण्याजोगे काही नव्हते.

खोट होती ती विक्रेत्यांच्या निवडीत. पस्तीस टेबलांपैकी अकरांवर रेझिनचे कीचेन आणि ट्रे होते, तेही बहुधा एकाच साच्यातले, कारण फुलांच्या पाकळ्यांची जागासुद्धा बदललेली नव्हती. नोंदणीच्या वेळी आपल्या प्रकारचे कितीजण असतील असे मी विचारले, तेव्हा ‘ताई, व्हरायटी आहे’ एवढेच उत्तर मिळाले होते. पहिल्या दिवशी दुपारी दीडशेला असलेले कीचेन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐंशीवर आले, आणि भाव पाडायची सवय लागलेले गिऱ्हाईक तेथून थेट माझ्या टेबलाशी येऊ लागले.

एका बाईंनी तोरण उचलून सांगितले, ‘बर्डीवर तर साडेतीनशेले भेटते हे.’ सीताबर्डीच्या बाजारात भेटते, यात शंका नाही. मात्र ती मशीनवर निघालेली जाळी असते. खरा क्रोशा मशीनवर होत नाही, प्रत्येक टाका सुईने एकेक करून पुरा करावा लागतो. माझ्या साडेसातशेच्या तोरणाला अकरा तास लागतात. मी तोरण उलटे करून टाके दाखवले, त्यांनी बोटाने चाचपून पाहिले, आणि चाळीस रुपयांच्या दोन राख्या घेतल्या.

गर्दी होती ती कोपऱ्यातल्या एका काकांकडे. मुले लाकडी बैल मिरवतात तो तान्हा पोळा जवळ आलेला, आणि ते लाकडी बैलाच्या चाकाच्या पाटीवर मुलाचे नाव तिथल्या तिथे रंगवून देत. त्यांना बर्डीचा भाव कोणी सांगितला नाही. ते पाहून दुसऱ्या दिवशी चार वाजता मीही राखीवर अक्षर विणून द्यायला सुरुवात केली आणि बंद होईपर्यंत सात राख्या अशा गेल्या.

एकूण विक्री ४,९६० रुपये. भाडे, दोऱ्याचे १,१०० आणि ऑटोचे ३२० वजा जाता हातात २३६ रुपये उरले. एका प्रकारची चारच टेबले ठेवा, असे मी आयोजकांना लेखी कळवले. उत्तरात दिवाळीच्या प्रदर्शनाचा अर्ज आला आहे, आधी पैसे भरल्यास १० टक्के सवलतीसह.